अडगळ आजार कधी ठरली?

मराठीत ‘होर्डिंग’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो चौकातला, पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक. ‘साठेबाजी’ म्हणावं तर कांदा-डाळ दडवून बसलेला व्यापारी आठवतो. घरात वस्तू इतक्या साचतात की माणसालाच जागा उरत नाही, या दुखण्याला इंग्रजीत ‘होर्डिंग’च म्हणतात, आपल्याकडे मात्र रुळलेला शब्दच नाही. ‘त्यांना काही टाकवत नाही हो’ एवढ्यावर आपण विषय मिटवतो. वैद्यकशास्त्रानंही बरीच वर्षं याहून वेगळं काही केलं नव्हतं.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडनं १९०८ साली नीटनेटकेपणा, कंजूषपणा आणि हट्टीपणा एका माळेत ओवले. साठवणं हा स्वभावाचा भाग झाला. १९४७ मध्ये मनोविश्लेषक एरिक फ्रॉमनं साठवून ठेवणारा माणूस हा स्वभावाचा एक प्रकारच मांडला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये जे उघडकीला आलं, ते मात्र स्वभावाच्या चौकटीत मावणारं नव्हतं.

२१ मार्च १९४७ रोजी हार्लेममधल्या फिफ्थ अव्हेन्यू आणि १२८व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या एका घरात प्रेत असल्याचा निनावी फोन पोलिसांना आला. पुढच्या दाराआड सामानाची भिंतच होती. शेवटी वरच्या मजल्याच्या खिडकीतून एक शिपाई आत उतरला आणि काही तासांनी त्याला तिथे राहणाऱ्या होमर कॉलियरचा मृतदेह सापडला. होमर वकिलीचं शिक्षण घेतलेला, त्याच्यासोबत राहणारा धाकटा भाऊ लँग्ली इंजिनिअरिंग शिकलेला, वडील डॉक्टर. होमरची दृष्टी १९३३च्या सुमारास गेली होती, पुढे संधिवातानं तो जागेवरच खिळला. लँग्ली त्याला आठवड्याला शंभर संत्री खाऊ घालायचा, त्यानं डोळे परत येतील या आशेवर. आणि डोळे आल्यावर भावाला सगळं वाचता यावं म्हणून वर्षानुवर्षांची वर्तमानपत्रं त्यानं जपून ठेवली होती. हा तपशील वाचल्यावर ‘चिकटपणा’ हा शब्द निदान माझ्या तरी तोंडी येत नाही.

लँग्ली सापडला ८ एप्रिलला, होमरपासून जेमतेम दहा फुटांवर. चोरांसाठी त्यानंच लावलेल्या सापळ्याचा ढीग, भावाला जेवण घेऊन सरपटत जाताना त्याच्या अंगावर कोसळला होता. त्याच्याविना होमर उपाशी मेला. घरातून शंभर टनांहून जास्त सामान निघालं. त्यात चौदा पियानो होते आणि मोटारीचा सांगाडासुद्धा.

खुणा आधीच दिसत होत्या: खिडक्यांना ठोकलेल्या फळ्या, तोडलेला गॅस, तोडलेली वीज, आणि रात्री बाहेर पडून रस्त्यावरच्या वस्तू घरी आणणारा माणूस. पैशाची चणचण हेही कारण नव्हतं. १९४२ मध्ये बँक घर खाली करायला आली, तेव्हा लँग्लीनं ६,७०० डॉलरचा चेक लिहून गहाणखत सोडवलं होतं. शेजाऱ्यांनी, पत्रकारांनी हे सगळं पाहिलं आणि ‘विक्षिप्त’ म्हणून सोडून दिलं. न्यूयॉर्कचे अग्निशामक जवान आजही सामानानं तुडुंब भरलेल्या घराला ‘कॉलियर’ म्हणतात. म्हणजे डॉक्टरांच्या कितीतरी आधी नाव दिलं ते आग विझवणाऱ्यांनी.

शास्त्राच्या बाजूनं दार किलकिलं झालं १९९०च्या दशकात. मॅसॅच्युसेट्समधल्या स्मिथ कॉलेजचे मानसशास्त्राचे प्राध्यापक रँडी फ्रॉस्ट आणि त्यांची विद्यार्थिनी रेचल ग्रॉस यांनी स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात दिली: वस्तू साठवण्याची सवय असलेली माणसं हवीत. मोजके फोन येतील असं वाटलं होतं, आले शंभराहून जास्त. १९९३ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तोवर हे सगळं मंत्रचळाच्या, म्हणजे ओसीडीच्या खात्यात टाकलं जायचं. पण ओसीडीच्या माणसाला त्याचे विचार छळतात. इथे साठवताना सुखच वाटतं, जीव तुटतो तो टाकताना. मंत्रचळाची दुसरी लक्षणं तर यातल्या बहुतेकांमध्ये दिसतही नव्हती.

२०१३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या संहितेनं याला स्वतंत्र विकार मानलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही यादी २०२२ पासून लागू झाली, त्यातही तो आला. निकषांत ‘किती वस्तू’ असा आकडा कुठेच नाही. वस्तूची किंमत काहीही असो, ती टाकताना होणारा त्रास बघायचा, आणि राहत्या खोल्या ज्यासाठी आहेत त्यासाठी वापरता येतात का, हे बघायचं. सुरुवात बहुधा अकरा ते पंधरा या वयात होते. आपल्याला मात्र दिसतात साठीतले आजोबा, कारण ढीग साचायला आयुष्य जातं.

डीएसएममधली एक पोटओळ आपल्या घरांसाठीच लिहिल्यासारखी आहे: घर मोकळं दिसत असेल, तर ते दुसरं कुणी आवरतं म्हणून असू शकतं. एकत्र कुटुंबात सून गुपचूप माळा रिकामा करते आणि वरवर सगळं ठीक दिसतं. दुधाच्या पिशव्या धुऊन, दोरीवर वाळवून, घडी करून ठेवणं हा आपला संसार आहे, आजार नव्हे. महिन्याला रद्दीवाला येतो, तराजू लागतो, पिशव्या जातात. पण जिन्यावरून त्याला परत बोलावून गठ्ठा सोडवून घेतला जातो, एकेक पिशवी पुन्हा मोजली जाते, आणि त्यावरून घरात दोन दिवस अबोला राहतो, तेव्हा जरा थांबून बघावं. पाहुण्यांना दारातूनच वाटेला लावणं, नळ गळत असताना प्लंबरला घरात न घेणं, हीसुद्धा त्याच वाटेवरची चिन्हं.

फ्रॉस्ट आणि सहकाऱ्यांनी २००८ साली छायाचित्रांची एक मोजपट्टी काढली. बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि झोपायची खोली यांची प्रत्येकी नऊ चित्रं, रिकामीपासून छतापर्यंत भरलेलीपर्यंत. चौथ्या चित्रापर्यंत किंवा त्याच्या पुढे गेलं की लक्ष घालावं. पण ती चित्रं अमेरिकी घराची. आपल्या चाळीत या तिन्ही खोल्या मिळून एकच असते, दहा बाय बाराची, आणि तिथे चार माणसांचा नेटका संसारसुद्धा भरलेलाच दिसतो. तिथे चित्र बाजूला ठेवून साधं विचारावं: शेगडी पेटवता येते का, कॉटवर आडवं होता येतं का, मोरीत बादली ठेवायला जागा आहे का, आणि रात्री आग लागली तर दारापर्यंत कशालाही न अडखळता जाता येईल का.