टाकी रिकामी झाली, मग पेट्रोल गेलं कुठे?

परवा नाशिकमध्ये द्वारकाच्या सिग्नलला गाडीवर मागे बसलेल्या भाच्याने विचारलं, मामा, टाकीतलं पेट्रोल जातं कुठे? मी म्हटलं, जळून जातं. पण जळलं म्हणजे संपलं असं नसतं ना, घाईत उत्तर दिलं आणि ते दिवसभर डोक्यात राहिलं, म्हणून आता नीट लिहितोय.

एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण पाऊण किलो. ते जळून जो कार्बन डायऑक्साइड सायलेन्सरमधून बाहेर पडतो त्याचं वजन भरतं जवळपास 2.3 किलो! हे जास्तीचं वजन हवेतून येतं, पेट्रोलमधल्या दर 12 ग्रॅम कार्बनला हवेतला 32 ग्रॅम ऑक्सिजन जाऊन चिकटतो. दिसत नाही, वास नाही, म्हणून आपल्याला वाटतं काही उरलंच नाही.

आता कुणी म्हणेल, गावाकडे चुलीत लाकूड जळतं त्याचं काय? तर झाडाने तो कार्बन गेल्या दहावीस वर्षांत हवेतूनच घेतलेला असतो, झाड परत लावलं तर हिशोब जुळतो. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात जळतो तो कोळसा वेगळा. आपल्याकडचा बहुतेक कोळसा 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचा, तेव्हापासून जमिनीत गाडलेला, आणि तो आपण दीडदोनशे वर्षांत भराभरा वर काढतोय. याचा पुरावाही आहे बरं का. जिवंत झाडात थोडा किरणोत्सारी कार्बन-14 असतो, तो दर 5730 वर्षांनी निम्मा होतो, म्हणजे कोळशात तो उरलेलाच नसतो. 1955 साली हान्स सूस या शास्त्रज्ञाने दाखवलं की नव्या लाकडात कार्बन-14 चं प्रमाण घटलंय, कारण हवेत हा जुना कार्बन मिसळत होता. मला तर हे बोटांचे ठसे सापडल्यासारखंच वाटतं.

कारखाने सुरू व्हायच्या आधी हवेच्या दर दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे 280 होते, 1958 साली 315, आणि आता 420 च्या वर.

एवढ्याशाने काय होतं? निफाडला आमच्या काकांची द्राक्षबाग आहे, थंडीत आभाळ मोकळं असलं की काका बागेत शेकोट्या पेटवायची तयारी करतात, आणि ढग आले की म्हणतात, आज पारा नाही उतरायचा. दिवसा तापलेली जमीन रात्री उष्णता वर सोडते, ती न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात, ढग ती अडवतात आणि काही परत खाली पाठवतात. कार्बन डायऑक्साइडही हेच करतो, फक्त तो ढगासारखा सकाळी निघून जात नाही. आपण सोडलेल्यातला साधारण निम्मा समुद्र आणि झाडं शोषून घेतात, उरलेल्यातला बराचसा शेकडो वर्षं हवेतच राहतो.

आणि हवा एक डिग्री तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त वाफ मावते, म्हणून पाऊस आला की एकदम कोसळतो. अमुक एक गारपीट यामुळेच झाली असं म्हणता येत नाही, काकाही सांगतात गारा पूर्वीपण पडायच्या. पण जोराच्या पावसाची शक्यता वाढते हे नक्की, आणि द्राक्षाला एकच अवकाळी पुरतो. साखर भरलेल्या घडावर पाणी पडलं की मणी पाणी ओढून फुगतो, साल ताणते आणि तडकते, मग कुज लागते. काढणीला आठ दिवस उरलेले असताना काका असा एकेक घड हातात घेऊन तडकलेले मणी कात्रीने काढत बसलेले मी पाहिलेत.