एकट्या आवळ्याला फळ का धरत नाही?

कार्तिक आला की आमच्या साताऱ्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. तुळशीच्या लग्नाला आवळे पाहिजेत, परसात आठ-दहा वर्षांचं चांगलं हिरवंगार झाड उभंय, आणि तरी आवळे मंडईतनंच आणावे लागतात. मग सल्ले सुरू होतात. कोण म्हणतं झाडाला नजर लागलीय, जुनी चप्पल बांधा. कोण म्हणतं खोडात खिळे ठोका. आणि सगळ्यात खात्रीनं दिला जाणारा सल्ला म्हणजे, "तुमचं झाड नर आहे, ते काय कधी धरायचं नाही, तोडा आणि दुसरं लावा." हे ऐकून चांगली पोसलेली झाडं तोडलेली मी बघितलीत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, कारण आवळ्यात नर झाड आणि मादी झाड असा प्रकारच नसतो.

पपईत असतो, आणि पपईचा तो अनुभव लोक सरळ आवळ्याला लावतात. आवळ्याच्या एकाच झाडावर, अगदी एकाच डहाळीवर दोन्ही फुलं येतात, फक्त ती इतकी बारकी आणि हिरवट असतात की कुणी वाकून बघत नाही. तर एकदा बघाच. थंडी संपता संपता आवळ्याची पानं झडतात असं आपण म्हणतो, पण खरं तर पानं नाही, आख्ख्या डहाळ्याच झडतात. चिंचेच्या पानासारखं दिसणारं ते जे आहे ते पान नाहीच, ती एक बारीक डहाळी आहे आणि तिच्यावरची प्रत्येक हिरवी पट्टी हे एक स्वतंत्र पान आहे. याचा पुरावा फुलंच देतात. चिंचेच्या पानातल्या छोट्या पर्णिकेच्या बगलेत फूल कधी येत नाही, आवळ्यात मात्र त्या एवढ्याशा पानाच्या बगलेत फुलं येतात. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास नव्या डहाळ्या फुटल्या की त्यांच्यावर नर फुलांचे झुपके लागतात, मादी फुलं फारच थोडी, आणि ती बहुतेक शेंड्याकडं. साधं भिंग लावलं की फरक कळतो. दोघांनाही सहा पिवळट-हिरव्या पाकळ्या, पण नर फुलात तीन पुंकेसर एकत्र जुळून मधे एक खांब झालेला असतो आणि मादी फुलात तीन कुक्षीवृंत म्हणजे पराग झेलणारे बारीक दांडे असतात, प्रत्येकाचं टोक दुभंगलेलं. पुढं त्याच फुलाचा आवळा झाला की त्याची आठोळी फोडून बघा, आत तीन कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात दोन-दोन बिया. फुलातलं तीनाचं गणित फळातपण तसंच सापडतं, मला ही गोष्ट दरवेळी बघायला आवडते.

म्हणजे झाडावर नर फूल आहे, मादी फूल आहे, वारा आहे, मधमाशी आहे. मग अडतं कुठं?

शाळेत आपण शिकलो की परागकण कुक्षीवर पडतो, त्याला एक नळी फुटते, ती नळी कुक्षीवृंतातनं खाली बीजांडापर्यंत जाते आणि मग फलन होतं. यात एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे कुक्षीवर पडलेला प्रत्येक पराग स्वीकारला जातोच असं नाही. बऱ्याच झाडांत मादी फूल आधी पराग कुणाचा आहे ते तपासतं आणि तो स्वतःच्याच झाडाचा निघाला तर फलन होऊ देत नाही. आपल्याकडं सोयरीक जुळवताना देवक बघतात आणि देवक एकच निघालं की बोलणी तिथंच थांबतात, तसंच काहीसं हे आहे. आवळा या झाडांपैकी एक. एकाच जातीच्या बागेत फळधारणा कमी होते हा आवळा लावणाऱ्यांचा जुना अनुभव आहे आणि म्हणूनच बागेत दोन-तीन जाती मिसळून लावा अशी शिफारस असते.

ही तपासणी होते कशी, हे पेटुनिया आणि तंबाखूच्या कुळातल्या झाडांत फार बारकाईनं उलगडलंय आणि ते कळल्यावर मी थक्क झालो होतो. या झाडांत 'एस' नावाचा एक जनुक-संच असतो, त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या असतात, त्यांना आपण 1, 2, 3, 4 असे नंबर देऊ. प्रत्येक झाडाकडं यातल्या दोन असतात, समजा आपल्या झाडाकडं 1 आणि 2, पण त्याच्या प्रत्येक परागकणाच्या वाट्याला त्यातली एकच येते. मादी फुलाच्या कुक्षीवृंतात या दोन्ही आवृत्त्यांची विकरं म्हणजे एन्झाइम तयार होतात आणि त्यांचं काम एकच, परागनळीत शिरून तिथला आरएनए तोडणं. आरएनए तुटला की नळीला प्रथिनं बनवता येत नाहीत, आणि प्रथिनं नाहीत म्हणजे वाढ नाही, नळी अर्ध्या वाटेत मरते. मग दुसऱ्या झाडाचा पराग कसा वाचतो? तर प्रत्येक परागाकडं उताऱ्यांचा एक साठा असतो, म्हणजे अशी प्रथिनं जी समोरच्या विकराला पकडून निकामी करतात. पण गंमत अशी की 1 नंबरच्या परागाकडं 2, 3, 4 सगळ्यांवर उतारा असतो, नसतो तो फक्त 1 वर. स्वतःच्याच नंबरावर नाही. आता आपल्या 1-2 झाडाचा पराग एक तर 1 असणार नाहीतर 2, आणि घरच्या मादी फुलात 1 ची आणि 2 ची दोन्ही विकरं हजर, त्यामुळं दोन्ही पराग मरणार. शेजारी 3-4 झाड असेल तर त्याचे सगळे पराग पार होतात, 2-3 झाड असेल तर 3 वाले होतात आणि 2 वाले अडकतात. हे थोडं किचकट वाटलं तर पुन्हा एकदा सावकाश वाचा, कारण निसर्गानं 'आपलं कोण' हे ओळखायला 'आपल्यावरच उतारा नाही' अशी युक्ती वापरलीय, ती डोक्यात बसली पाहिजे.

झाड एवढी उठाठेव करतं कशाला? डार्विननं बरीच वर्षं रोपं वाढवून 1876 साली दाखवलं होतं की परपरागीकरणातनं झालेली संतती स्वतःच्याच परागातनं झालेल्या संततीपेक्षा बहुतेक वेळा उंच आणि जोमदार असते. तोटा टाळायचा असेल तर स्वतःचा पराग नाकारणं फायद्याचं.

आता जिथं बहुतेक लोक चुकतात तिथं येतो. "दोन झाडं पाहिजेत" एवढं कानावर आलेलं असतं, मग नर्सरीत जाऊन एनए-7 ची दोन कलमं आणतात. एनए-7, कांचन, कृष्णा या जाती उत्तर प्रदेशातल्या कुमारगंजच्या नरेंद्र देव कृषी विद्यापीठातल्या, आणि एनए-7 ला मादी फुलं जास्त येतात म्हणून ती चालते. पण कलम म्हणजे काय? मूळ एका झाडाचा डोळा काढून दुसऱ्या खुंटावर भरलेला. म्हणजे जगातली सगळी एनए-7 ची झाडं जनुकांच्या हिशोबानं एकच झाड आहेत, फक्त वेगवेगळ्या खुंटांवर उभं. तुम्ही तशी दोन लावा नाहीतर वीस लावा, पराग घरचाच. एनए-7 बरोबर कृष्णा किंवा कांचन लावा, एनए-6 लावा, पण जात वेगळी पाहिजे. याउलट बियांपासून आलेली झाडं मात्र प्रत्येक वेगळी असतात. म्हणून जावळी-पाटणकडं जिथं डोंगरात रानआवळा आहे, तिथल्या वस्तीवर एकटं दिसणारं झाडही लदबदू शकतं, त्याला पराग जवळच्या रानातनं मिळतो. सांगलीत विश्रामबागेतल्या एखाद्या बंगल्यात किंवा आटपाडी-जतच्या माळावर आसपास दुसरा आवळाच नसेल तर काय करणार बिचारं. आणि शेजारच्यांचा रायआवळा एकटा असून भरतो असं म्हणू नका, ती आवळ्याची जात नव्हे, ते झाडच वेगळं आहे.

खिळ्यांचं बघू. खोडाची साल काढली की झाडावर परिणाम होतो हे खरंय, तासगावचे द्राक्षवाले मणी फुगवायला गर्डलिंग करतातच. पण ते मोजूनमापून, सालीपुरतं आणि ठरावीक वेळी केलेलं काम आहे. आवळ्याला अडचण फुलांची नाहीच, पराग नाकारला जाण्याची आहे, ती खिळ्यानं कशी सुटेल? खिळ्याच्या भोकातनं बुरशी तेवढी आत जाते. चप्पल-बाहुलीबद्दल तर काय बोलायचं. नजर लागून झाड वांझ होत असतं तर रस्त्याकडेच्या एका आंब्याला फळ दिसलं नसतं. रविवारी आवळा खाऊ नये म्हणतात तेही असंच बिनबुडाचं, झाडाला वार कळत नाही आणि पोटालाही नाही. आणि आवळ्यात संत्र्याच्या कितीतरी पट सी जीवनसत्त्व आहे हे पक्कं खरं असलं तरी त्याच्या रसानं कॅन्सर बरा होतो असे जे मेसेज फिरतात ते वाचून औषधं बंद करू नका, कळकळीनं सांगतो.

आणखी एक घोळ वेळेचा. एप्रिलपर्यंत फुलं संपतात, नर फुलांचा जमिनीवर पिवळट सडा पडतो, आणि झाडावर काहीच दिसत नाही म्हणून लोक म्हणतात सगळा मोहोर गळाला. पण फलन झालेली मादी फुलं तिथंच असतात, आतला गर्भ सगळा उन्हाळा झोपून काढतो आणि पावसाची हवा लागली की मग जुलै-ऑगस्टमध्ये फळ वाढायला लागतं. त्यामुळं मे महिन्यात निकाल लावू नका. फुलोऱ्यात पाणी बंद ठेवा आणि ऑगस्टमध्ये डहाळीच्या शेंड्याकडं बघा.

परसात दोन झाडांना जागा नसेल तर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पावसाळ्याच्या सुरवातीला जाणत्या माळ्याकडनं एका जोमदार फांदीवर दुसऱ्या जातीचा डोळा भरून घेणे. झाड एक, पराग दोन घरचे. तोपर्यंत सफरचंदवाल्यांची युक्ती वापरता येते, दुसऱ्या जातीच्या झाडाची फुललेली फांदी पाण्याच्या बाटलीत खोचून आपल्या झाडावर वाऱ्याच्या बाजूला टांगायची, पाणी बदलत राहायचं. आणि कलमाच्या जोडाखालनं खुंटाला धुमारा फुटला की आपण तो लगेच छाटतो, ते बरोबरच आहे, तो वरच्या कलमाचा जोर खातो. पण खुंट बहुधा बियांपासून आलेला असतो, म्हणजे तो वेगळंच झाड आहे, तेव्हा दुसरा काहीच उपाय नसेल तर एक धुमारा आटोक्यात ठेवून वाढवायला माझ्या मते हरकत नाही, फुलायला काही वर्षं घेईल एवढंच. राखलेल्या फांदीला मात्र ऑइलपेंटचा पट्टा मारून ठेवा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर पुढच्या छाटणीत पहिली तीच जाते.