क्लीनर कोळंबीला कुठलाच मासा खात नाही?

‘क्लीनर कोळंबी माशांच्या अंगावरचे परजीवी खाते, म्हणून तिला कुठलाच मासा खात नाही’ हे घरी समुद्री माशांची टाकी ठेवणाऱ्यांत वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय. पहिला भाग खरा; मोठे मासेही तिच्यापुढे तोंड उघडून थांबतात. पण ही सवलत हमखास नाही. हॉकफिश, लायनफिश, ट्रिगरफिश निसर्गात कोळंबी-खेकडे खातातच. त्यात कात टाकल्यावर तिचं कवच काही काळ मऊ असतं, तेव्हा ती दगडाआड दडते. तळाशी निपचित ‘मेलेली’ दिसली तर उचलून बघा: पारदर्शक, पोकळ असेल तर ती नुसती कात. तिच्या टाकीत सोडायला मासा घेताना त्याचं निसर्गातलं खाणं विचारा, जबडा नीट बघा. क्लाउनफिश, छोटा गोबी मासा यांच्यासोबत ती सहसा सुखात राहते.