धावत गाठायचे आणि नांगर टाकून बसायचे

जहाजांची ठिकाणे दाखवणारा कुठलाही थेट नकाशा उघडून पाहा. मोठ्या बंदरांच्या तोंडाशी ठिपक्यांचे पुंजके दिसतील. ही नांगर टाकून थांबलेली जहाजे. धक्का रिकामा नाही म्हणून कुणी काही तास, कुणी काही दिवस तिथे असते. त्यातली बरीचशी नेहमीच्या वेगाने, भरपूर इंधन जाळत आलेली असतात. थांबल्यावरही दिवे, पंप, शीतयंत्रे यांच्यासाठी त्यांची जनित्रे धूर सोडतच राहतात. जगातला ८० टक्क्यांहून अधिक व्यापारी माल समुद्रमार्गे जातो आणि माणसाच्या उद्योगांतून बाहेर पडणाऱ्या हरितगृह वायूंपैकी सुमारे ३ टक्के जहाजे सोडतात. त्यातला काही भाग केवळ योग्य वेळी योग्य माहिती हाती नसल्यामुळे बाहेर पडतो. तो वाचवायला नवे इंधन शोधावे लागत नाही, आणि म्हणूनच मला हा विषय इतका महत्त्वाचा वाटतो.

पाण्याचा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि इंजिनाला लागणारी शक्ती घनाच्या पटीत. आता ३००० सागरी मैलांचा प्रवास घेऊ. एक जहाज १५ नॉट, म्हणजे ताशी १५ सागरी मैल, वेगाने २०० तासांत पोहोचले, ५० तास नांगरावर थांबले आणि २५०व्या तासाला धक्क्याला लागले. तेच जहाज १२ नॉटने निघाले असते तर बरोबर २५० तासांत येऊन थेट धक्क्याला लागले असते. वेग ८० टक्क्यांवर आणला की शक्ती ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे सुमारे ५१ टक्के पुरते. इंजिन ५० तास जास्त चालूनही त्याचे इंधन ६४ टक्केच लागते. ३६ टक्के वाचले, आणि माल उतरायला एका मिनिटाचाही उशीर झाला नाही. प्रत्यक्षात लाटा, तळाला चिकटलेले शेवाळ आणि शिंपले, कमी भारावर घटणारी इंजिनाची कार्यक्षमता यांमुळे आकडा खाली-वर होतो, पण गणिताची दिशा तीच राहते. जड इंधनाचा एक टन वाचला की तीन टनांहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड टळतो, कारण जळताना इंधनातला कार्बन हवेतला ऑक्सिजन जोडून घेतो.

मग कप्तान घाई का करतो? एक कारण रांगेचे. अनेक बंदरांत, विशेषतः कोळसा, धान्य, खनिजे अशा सुट्या मालासाठी, जो आधी येईल त्याचा नंबर आधी. दुसरे कारण कागदावर आहे. भाडेकरार जहाजाला विनाविलंब पोहोचण्याचे बंधन घालतात. पोहोचल्यावर ‘जहाज तयार आहे’ अशी सूचना दिली की माल चढवण्या-उतरवण्याच्या मुदतीचे घड्याळ सुरू होते, आणि मुदत उलटली की जहाजमालकाला डेमरेज, म्हणजे खोळंब्याची भरपाई, मिळते. थांबण्याचे पैसे मिळतात, हळू आल्याबद्दल मात्र नुकसानभरपाईचा दावा अंगावर येऊ शकतो. असे करार हाती असताना कप्तानाला दोष देण्यात अर्थ नाही.

नियम बदलला की काय होते, हे दिसले आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल बंदराबाहेर जून २००७ मध्ये कोळशासाठी पन्नासहून अधिक जहाजे थांबलेली असताना वादळ आले आणि ‘पाशा बल्कर’ हे जहाज थेट किनाऱ्यावरच्या वाळूत येऊन रुतले. पुढे तिथे जहाज पोहोचण्याआधीच त्याची पाळी ठरवणारी पद्धत आली. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या जोडबंदरांनी महामारीच्या काळात अशीच कोंडी अनुभवली. नोव्हेंबर २०२१ पासून तिथे कंटेनर जहाजाची पाळी ते मागच्या बंदरातून कधी निघाले यावरून ठरू लागली. रांगेतली जागा पक्की झाल्यावर धावत येण्याचे कारणच उरले नाही. एकूण रांग शंभराच्या वर असतानाही किनाऱ्यालगतची गर्दी ओसरली.

पण धक्का नेमका कधी मोकळा होणार, हे एकट्या कुणालाच ठाऊक नसते. आधीच्या जहाजाचे किती कंटेनर उतरायचे बाकी आहेत हे टर्मिनलला माहीत असते. जहाजाला वाट दाखवत आत आणणारा पायलट आणि ओढणारी टग बोट कधी मिळतील हे वेगवेगळी कार्यालये सांगतात. भरतीची वेळ निसर्ग ठरवतो आणि कागदपत्रे कस्टमकडे असतात. हे सगळे जोडले तरच एक भरवशाची वेळ निघते. संगणकांना हे अवघड नाही, अवघड आहे ते माणसांना माहिती द्यायला लावणे. आपल्या क्रेन किती संथ चालतात हे प्रतिस्पर्ध्याला कळावे असे कुठल्या टर्मिनलला वाटेल? मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम ही संगणक कंपनी यांनी उभारलेला ‘ट्रेडलेन्स’ हा माहितीच्या देवाणघेवाणीचा मंच २०२२ मध्ये गुंडाळायचे ठरले, तेही जगभरच्या कंपन्यांचे पुरेसे सहकार्य मिळाले नाही म्हणून. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १ जानेवारी २०२४ पासून जहाजाची सरकारी माहिती एकाच डिजिटल खिडकीतून देणे सदस्य देशांत बंधनकारक केले, हे पाऊल मला म्हणूनच मोलाचे वाटते.

माहिती किती आधी मिळते यावरही बरेच अवलंबून असते. कंटेनर जहाजांविषयी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, संपूर्ण प्रवासाचा वेग धक्क्याच्या वेळेशी जुळवला तर फेरीमागे सरासरी १४ टक्के इंधन वाचते. शेवटच्या १२ तासांतच जुळवला तर जेमतेम ४ टक्के. वाचलेल्या इंधनाचे पैसे कुणाचे, हा प्रश्न मागोमाग येतोच. बिम्को या जहाज व्यवसायातल्या संघटनेने २०२१ मध्ये वेळेवर आगमनाचे नमुना कलम काढले. त्यात जहाजाने ठरवून वेग कमी केला तर तो करारभंग मानला जात नाही.

बंदराच्या आवारातही असेच आहे. एकावर एक पाच कंटेनर रचलेले असतात आणि ट्रक नेमका तळातल्या कंटेनरसाठी येतो. वरचे चार हलवायचे, हवा तो काढायचा, मग चार पुन्हा जागेवर. या उचलाउचलीचे पैसे सहसा कुणी देत नाही, पण त्यात डिझेल जळते आणि बाहेर ट्रक इंजिन चालू ठेवून उभे असतात. ट्रकला वेळ नेमून दिली की रचना आधीच बदलून ठेवता येते.

काही ठिकाणी मात्र संगणक पुरत नाही, जाडजूड केबलच लागते. धक्क्याला लागलेल्या जहाजाची जनित्रे बंद करायची तर त्याला किनाऱ्यावरून वीज द्यावी लागते. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग बंदराने २००० साली हे उच्च दाबाने करून दाखवले. बहुतेक मोठी जहाजे ६० हर्ट्झवर चालतात आणि जगाच्या मोठ्या भागात वीज ५० हर्ट्झची, म्हणून मध्ये महागडे परिवर्तक बसवावे लागतात. युरोपीय संघाच्या प्रमुख बंदरांत २०३० पासून कंटेनर आणि प्रवासी जहाजांना ही जोडणी, काही अपवाद वगळता, सक्तीची होईल. ही वीज कोळशातून आलेली असेल तर बंदराशेजारच्या वस्तीची हवा सुधारेल, पण कार्बनची बचत फारशी होणार नाही.

मोठे क्रूझ जहाज एका वेळी दहा मेगावॉटहून अधिक वीज मागू शकते. एवढा भार अचानक आला तर स्थानिक वीजजाळ्यावर ताण पडतो. कधी येणार हे आदल्या दिवशी कळले तर पवनऊर्जेचा अंदाज पाहून नियोजन करता येते आणि बंदरातली बॅटरी आधीच भरून ठेवता येते. म्हणजे धक्क्याची जी वेळ समुद्रावरच्या कप्तानाला हवी, तीच वीज केंद्राच्या नियंत्रण कक्षालाही हवी.