मोहरीला गंधक वेगळं का द्यावं लागलं

राजस्थानात मोहरी पेरण्यापूर्वी हेक्टरी साधारण 250 किलो जिप्सम (कॅल्शियम सल्फेटचं खनिज) शेतात मिसळायला सांगतात. त्यातून पिकाला 40 किलोच्या आसपास गंधक मिळतं. दोन पिढ्यांपूर्वी हा हिशेब फारसा कुणी मांडत नसे, कारण तेव्हा गंधक दुसऱ्याच खतांच्या पोत्यातून न मागता शेतात येत होतं.

तमिळनाडूतल्या राणीपेठला 1906 साली सुपर फॉस्फेटचा कारखाना सुरू झाला. या खतात स्फुरद 16 टक्के असतं आणि सोबत 11-12 टक्के गंधकही. पुढे 1951 मध्ये आजच्या झारखंडमधल्या सिंद्रीला अमोनियम सल्फेट हे खत बनू लागलं. त्यात नत्र 21 टक्के आणि गंधक 24 टक्के. शेतकरी घ्यायचा ते नत्रासाठी, पण पदरात गंधकच जास्त पडायचं! गंमत म्हणजे सिंद्रीला कच्चा माल म्हणून लागणारं जिप्सम राजस्थानातूनच रेल्वेने जायचं.

मग युरिया आला. नत्र 46 टक्के, गंधक शून्य. डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) खतातही तेच: 18 नत्र, 46 स्फुरद, बाकी काही नाही. तेवढ्याच नत्रासाठी निम्म्याहून कमी पोती वाहावी लागत असतील, तर कुणीही युरियाच घेणार; त्यात शेतकऱ्याचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. त्याच काळात एकाच जमिनीतून वर्षाला दोन-दोन पिकं निघू लागली, शेणखत कमी पडू लागलं. हलक्या, रेताड जमिनीत सेंद्रिय अंश आधीच कमी, आणि सल्फेट, म्हणजे गंधकाचं पाण्यात विरघळणारं रूप, पाण्याबरोबर खाली निघून जातं. मोहरी नेमकी अशाच जमिनीत पिकते.

गंधकाची भूक तिला जास्तच. एक टन धान्यामागे तृणधान्यं 3-4 किलो गंधक उचलतात, तेलबिया 12 किलोच्या घरात. मोहरीचा झणका ज्या द्रव्यांमुळे येतो ती गंधकयुक्तच असतात. शिवाय गंधकाशिवाय प्रथिनं पुरी बनत नाहीत आणि दाण्यातलं तेलही घटतं. कमतरता पडली की कोवळी पानं आधी पिवळी पडतात, कडा वर वळून वाटीसारख्या होतात. नत्र कमी असेल तर जुनी पानं आधी पिवळी पडतात. हा फरक ओळखता आला नाही की पिवळेपणावर आणखी युरिया टाकला जातो, आणि नत्र वाढवून गंधक तेवढंच ठेवलं तर असमतोल वाढतो.

युरोपात हेच वेगळ्या वाटेने घडलं. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड पिकांना गंधक पुरवत होता. हवा स्वच्छ करण्याचे कायदे आले, धूर कमी झाला, आणि 1980 च्या दशकापासून जर्मनी, ब्रिटनमध्ये मोहरीच्या कुळातलं रेपसीड गंधकाअभावी पिवळं दिसू लागलं.

भारतात 2010 च्या पोषकद्रव्य-आधारित अनुदान धोरणात नत्र, स्फुरद, पालाशासोबत गंधकालाही अनुदान मिळालं. जुलै 2023 मध्ये राजस्थानातल्या सीकरला गंधकाचं आवरण असलेला ‘युरिया गोल्ड’ बाजारात आणला गेला: नत्र 37 टक्के, गंधक 17 टक्के. 40 किलोची सहा पोती टाकली तर हेक्टरी 40 किलो गंधक भरतं, सोबत 89 किलो नत्र. आकडे जुळतात, पण युरिया हप्त्यांनी द्यायचा असतो आणि गंधक पेरणीच्या वेळीच जमिनीत असलेलं बरं. त्यामुळे स्वस्त जिप्समची जागा हे खत पूर्णपणे घेईल असं मला वाटत नाही.

महाराष्ट्रात मोहरी थोडीच, पण भुईमुगाला जिप्सम आणि सोयाबीनला 20:20:0:13 हे मिश्र खत (शेवटचा आकडा गंधकाचा) किंवा सुपर फॉस्फेट द्यायला सांगतात, तेही याच कारणाने. भुईमुगाला मात्र जिप्सममधला कॅल्शियमही हवा असतो.