मराजोच्या ‘तंगा’: भाजलेल्या मातीचं लेणं

ॲमेझॉन नदी समुद्राला मिळते तिथे ब्राझीलचं मराजो बेट आहे. पावसाळ्यात त्याच्या पूर्वेकडचं गवताळ रान पाण्याखाली जातं. म्हणून इ.स. ४०० ते १३०० च्या सुमारास इथल्या लोकांनी मातीचे भराव घालून टेकाडं रचली. आपल्याकडच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांची आठवण व्हावी अशी, फक्त ही मुद्दाम उभारलेली. त्यांच्या पोटात अस्थी ठेवलेले मोठमोठे रंगीत कुंभ मिळतात आणि त्यांच्या सोबतीला कधी एक छोटी त्रिकोणी वस्तू.

पोर्तुगीजमध्ये तिला ‘तंगा’ म्हणतात. हे बायकांचं कमरेखालचं आवरण, पण भाजलेल्या मातीचं. हाताच्या पंजाएवढं, पातळ, अंगाच्या वळणाला धरून बाक दिलेलं. तिन्ही कोपऱ्यांना दोरी ओवायला भोकं. दक्षिण अमेरिकेत तेव्हा कुंभाराचं चाक नव्हतं. हा नेमका बाक निव्वळ बोटांनी साधलेला आहे. काही तंगांवर नुसता लाल लेप असतो, तर काहींवर पांढऱ्या लेपावर तांबड्या-काळ्या बारीक रेघांची नक्षी. काहींच्या भोकांच्या कडा दोरीने घासून झिजल्या आहेत. मला ही झीज नक्षीहून मोलाची वाटते, कारण वस्तू अंगावर वापरली गेल्याचा तो पुरावा आहे.

१८७०च्या दशकात फेरेइरा पेना आणि चार्ल्स हार्ट यांनी मराजोच्या प्राचीन अवशेषांकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. १८८५ मध्ये लादिस्लाउ नेट्टो यांनी त्यांवर सविस्तर लिहिलं. १९४८-४९ मध्ये बेटी मेगर्स आणि क्लिफर्ड इव्हान्स यांनी इथे उत्खनन केलं. एवढी प्रगत संस्कृती बाहेरून आली असावी आणि इथल्या निकृष्ट जमिनीत ती टिकली नाही, असं मेगर्स यांचं मत होतं. पुढे ॲना रूझवेल्ट यांनी ते खोडून काढलं: ही संस्कृती इथेच घडली आणि शतकानुशतकं नांदली.

तंगांच्या नक्षीचा बारकाईने अभ्यास केला तो डेनिझ शान यांनी. नक्षीचे आडवे पट्टे पाडलेले असतात. काही आकृत्या पुन्हा पुन्हा येतात, काही एखाद्याच तंगेवर दिसतात. त्यावरून या नक्षीतून त्या बाईची ओळख, तिचं कूळ सांगितलं जात असावं, असा त्यांनी अर्थ लावला. साध्या आणि नक्षीदार तंगा वेगवेगळ्या वयाच्या स्त्रियांच्या होत्या का, हे ठरवायला कुठली तंगा कोणत्या कुंभात, कोणाच्या अस्थींसोबत होती ते कळायला हवं. जुन्या संग्राहकांनी देखणे तुकडे तेवढे उचलले आणि ही नोंद मात्र बहुतेकदा केलीच नाही.