रणगाड्याची तोफ, पण टायरवर: इटलीच्या चेंताउरोचं खानदान

आमच्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, रणगाडे बघायची सवय असते, पण बाहेरून आलेला पाहुणा हमखास विचारतो की एवढं धूड स्वतः चालत का जात नाही, ट्रेलरवर चढवून कशाला नेतात. कारण साधं आहे. चाळीस-पन्नास टनांचा रणगाडा लोखंडी पट्ट्यांवर शंभर किलोमीटर पळवला तर डांबराची वाट लागते, डिझेल पाण्यासारखं जातं आणि पट्टे झिजतात ते वेगळंच.

इटलीच्या सैन्याला 1980 च्या दशकात हीच गोष्ट छळत होती. नकाशा काढून बघा, आपल्याकडे सह्याद्री जसा कोकणाच्या पाठीशी उभा आहे तशी तिकडे अपेनाइन डोंगरांची रांग देशाच्या मधोमध वरपासून खालपर्यंत गेलीय आणि दोन्ही अंगांना समुद्र, किनारा सात हजार किलोमीटरच्या वर. सोव्हिएत गटाचा हल्ला ईशान्येकडून येणार म्हणून मुख्य रणगाडे तिकडे उभे, पण शत्रू जहाजातून किंवा पॅराशूटने खाली दक्षिणेत उतरला तर? उत्तरेतून रणगाडे पोचेपर्यंत खेळ खल्लास. म्हणून 1984 मध्ये सैन्याने मागणी केली की आम्हाला रणगाडा फोडणारी तोफ द्या, पण ती ऑटोस्ट्राडावरून, म्हणजे तिकडच्या एक्सप्रेसवेवरून, ट्रकसारखी पळाली पाहिजे. इवेको-फियाट आणि ओटो मेलारा या कंपन्यांनी मिळून काम घेतलं, 1987 ला पहिला प्रोटोटाइप आला आणि 1991 पासून गाड्या सैन्यात जायला लागल्या. नाव ठेवलं चेंताउरो, ग्रीक पुराणातला अर्धा माणूस अर्धा घोडा.

आता खरी गंमत. टायरवर मोठी तोफ बसवायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो धक्क्याचा. रफ हिशोब करू, 105 मिमी तोफेतून साधारण 6 किलोचा ऐवज सेकंदाला 1500 मीटर वेगाने बाहेर पडतो, म्हणजे 9000 एकक संवेग, आणि तेवढाच संवेग मागे येणार, वर जळालेल्या दारूच्या वायूंचा वेगळा. 24 टनांची गाडी सगळी मोकळी सोडली तर एका गोळ्यात सेकंदाला 40 सेंमीच्या आसपास वेगाने मागे ढकलली जाईल. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हे सगळं सेकंदाच्या अगदी छोट्या भागात घडतं, त्यामुळे टरेटच्या, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटाच्या, बेअरिंगवर आणि सस्पेन्शनवर पडणारा जोर भयानक असतो.

टेम्पोतून कलिंगडं उतरवताना बघितलंय कधी? वरचा फेकतो आणि खालचा झेलताना हात फळाबरोबर मागे नेतो, हात ताठ ठेवला तर एकतर कलिंगड फुटेल नाहीतर मनगट जाईल. चेंताउरोच्या तोफेत हीच युक्ती आहे, नळी जास्त अंतर मागे सरकू द्यायची. 30 सेंमीत थांबवायच्या ऐवजी 75 सेंमीत थांबवली तर सरासरी जोर अडीच पट कमी होतो, बाकी काही बदलायला नको. शिवाय नळीच्या तोंडाशी मझल ब्रेक आहे, बुंदी पाडायच्या झाऱ्याला असतात तशी भोकं, त्यातून वायू बाजूला फेकला जातो आणि मागचा रेटा आणखी कमी होतो. गोळा मात्र तोच, लेपर्ड 1 सारखे नाटोचे रणगाडे वापरायचे तोच.

बाकीची गाडीही डोक्याने बनवलीय. आठ चाकं, हायड्रोन्यूमॅटिक म्हणजे तेल आणि वायूच्या दाबावर चालणारं सस्पेन्शन, टायरमधली हवा ड्रायव्हरला बसल्या जागेवरून कमी-जास्त करता येते, वळताना पुढची चार चाकं वळतात आणि हळू वेगात सगळ्यात मागची जोडीसुद्धा, त्यामुळे एवढी लांब गाडी असूनही गल्लीत अडकत नाही. 520 हॉर्सपॉवरचं इंजिन, वेग ताशी 100 च्या वर, एका टाकीत 800 किमी, म्हणजे मिलानहून निघून नेपल्सला टाकी न भरता पोचाल. किंमत मोजलीय ती चिलखतात. मशीनगन आणि पुढून छोट्या तोफांपर्यंत ठीक, समोर रणगाडा आला तर आधी गोळी मारा आणि पळा, थांबून मार खायचा नाही.

आणि नशीब बघा, गाडी तयार झाली त्याच वर्षी सोव्हिएत युनियन संपलं. ज्याची शिकार करायची तो रणगाडा कधी आलाच नाही! इटलीने 400 घेतल्या आणि त्या गेल्या सोमालिया, बोस्निया, कोसोवो, इराक, लेबनॉनला, ताफ्यांना सोबत करायला आणि नाक्यांवर उभं राहायला. 2 जुलै 1993 ला मोगादिशूच्या अरुंद गल्ल्यांत इटालियन तुकडी घेरली गेली, 3 सैनिक मेले, त्यातला एक तरुण अधिकारी चेंताउरोवरचाच होता. चिलखत पातळ आहे हे कागदावर वाचणं वेगळं आणि असं कळणं वेगळं, पुढे जादा चिलखताचे किट आले ते उगाच नाही.

आता खानदान. इंजिन पुढे आणि मागे दरवाजा असलेली मोकळी जागा, या मांडणीमुळे त्याच सांगाड्यावर काहीही बसवता येतं. फ्रेच्चा, म्हणजे बाण, ही सैनिक वाहून नेणारी आवृत्ती, 25 मिमी तोफ आणि मागे 8 जण, 2010 मध्ये अफगाणिस्तानात गेली. तिच्यात स्पाइक या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रवाली आहे, 120 मिमी मॉर्टर म्हणजे उखळी तोफवाली आहे, कमांड पोस्टही आहे. मला सगळ्यात आवडलेला प्रकार म्हणजे ड्राको, चेंताउरोवर जहाजाची 76 मिमी तोफ बसवून केलेलं विमानविरोधी वाहन. याच ओटो मेलाराच्या 76 मिमी घराण्यातली तोफ माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या आयएनएस कोलकातावरसुद्धा आहे, त्यामुळे ड्राकोचा फोटो बघितला की मला ट्रकवर चढलेलं युद्धजहाज आठवतं. पण ड्राको प्रोटोटाइपच्या पुढे काही गेला नाही.

गिऱ्हाईकं मोजकीच मिळाली. स्पेनने 84 घेतल्या, ओमानने 9 घेतल्या त्या 120 मिमी तोफेच्या, आणि इटलीच्या वापरलेल्या 141 जॉर्डनला गेल्या. अमेरिकेने स्ट्रायकर या आठ चाकी चिलखती गाड्यांच्या ब्रिगेड उभ्या करताना 16 भाड्याने नेल्या, सराव केला आणि मग स्वतःची 105 मिमीवाली स्ट्रायकर बनवली, ऑटोलोडरवाली म्हणजे यंत्राने गोळा भरणारी, जिने इतका त्रास दिला की 2022 पर्यंत सगळ्या निवृत्त. चेंताउरोत गोळा भरायला माणूसच होता.

2016 मध्ये चेंताउरो 2 आली. 30 टन, 720 हॉर्सपॉवर, पूर्ण 120 मिमी तोफ, सुरुंगाचा स्फोट झेलायला तळाची नवी रचना, आणि दारूगोळा माणसांपासून वेगळा ठेवलेला, पेटलाच तर स्फोट वरून बाहेर जावा म्हणून. मोठी तोफ म्हणजे परत तोच धक्क्याचा हिशोब, आणि उत्तरही तेच, नळीच्या तोंडाशी झाऱ्याची भोकं. 2022 मध्ये ब्राझीलने 98 गाड्यांसाठी हिचीच निवड केली. तिकडे जुन्या 90 मिमीच्या कास्कावेल गाड्या 1970 च्या दशकापासून राबतायत, त्यांच्या जागी.